पॉवरलाईन ॲडाप्टर, शेजारचे हॅमवाले काका आणि आजोबांचं धारवाड केंद्र

बेळगावच्या शहापुरातून प्रश्न आलाय, थोडक्यात सांगतो. तीन मजली घर, राउटर खाली, वर वायफाय पोचत नाही म्हणून पॉवरलाईन ॲडाप्टरची जोडी आणून लावली, लाईटच्याच वायरीतून नेट वर जातंय. तेव्हापासून शेजारचे काका, जे हॅम रेडिओवाले आहेत, म्हणजे लायसन्स घेऊन हौसेनं वायरलेसवर बोलणारे, म्हणतात माझा शॉर्टवेव्ह गेला. घरात आजोबा म्हणतात धारवाड नीट लागेना, नुसती खरखर. आणि रात्री नऊच्या सुमाराला वरचं नेट मधेच तुटतंय. त्यात गल्लीत चर्चा अशी की आता खांबावरच्या तारेतूनच इंटरनेट येणार आणि स्मार्ट मीटर ही त्याचीच तयारी. हे सगळं एकच भानगड आहे का, आणि ॲडाप्टर काढायचे का ठेवायचे?

एकच भानगड नाही. काकांचं म्हणणं बहुतेक बरोबर आहे आणि त्याला तुमचे ॲडाप्टरच कारण. आजोबांचं दुखणं वेगळं, त्याचा ॲडाप्टरशी संबंध असला तर फार थोडा. नऊ वाजता नेट तुटतंय ते बहुधा काकांमुळं, हसू नका, खाली सांगतो. आणि खांबावरून इंटरनेटची चर्चा सोडून द्या. मी वायरिंगची कामं करतो आणि हॅमचं लायसन्सही आहे, त्यामुळं या भांडणात दोन्हीकडच्या शिव्या मला पाठ आहेत.

आधी मुळातलं बघा. लाईटची वायर ५० हर्ट्झसाठी बनवलेली आहे. तिच्यातून ॲडाप्टर पाठवतोय २ मेगाहर्ट्झपासून २८-३० मेगाहर्ट्झपर्यंतचा सिग्नल, नवे मॉडेल तर ८० च्याही वर जातात. नेटवर्कच्या केबलमध्ये जोडीच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन असतात, एकीतून जेवढा करंट जातो तेवढाच दुसरीतून उलटा येतो, दोघींचं बाहेर पडणारं रेडिएशन एकमेकाला मारतं. घरातल्या वायरिंगमध्ये असला काही प्रकार नाही. फेज एका वाटेनं स्विचबोर्डात उतरतो, तिथून एकटाच वर पंख्याकडं जातो, न्यूट्रल तिसरीकडून येतो, म्हणजे प्रत्येक स्विचच्या मागं एक मोठा लूप तयार झालेला असतो आणि तो लूप म्हणजे चक्क अँटेना. वर मापाचा योगायोग बघा, ७ मेगाहर्ट्झची लहर साधारण ४३ मीटरची, तिचा चौथा हिस्सा साडेदहा-अकरा मीटर, १४ मेगाहर्ट्झला तो सव्वापाच मीटरच्या आसपास. आपल्या घरात मीटरबोर्डापासून वरच्या खोलीपर्यंत वायर किती लांब असते? तेवढीच. म्हणजे शॉर्टवेव्हसाठी अगदी बरोबर मापाची अँटेना आपणच भिंतीत गाडून ठेवलीय आणि तिला सिग्नल द्यायला दोन ॲडाप्टर लावलेत. पाईपलाईन म्हणून ठिबकची नळी वापरल्यासारखं आहे ते, पाणी शेवटी पोचतंय, पण वाटेत सगळीकडं ओल.

आता काका. ॲडाप्टर बनवणाऱ्यांनाही ही अडचण माहीत होती, म्हणून होमप्लग एव्ही नावाच्या स्टँडर्डमध्ये सिग्नलचे हजारावर बारीक तुकडे केलेत, १,१५५ कॅरियर, प्रत्येकात साधारण २४ किलोहर्ट्झचं अंतर, आणि जिथं हॅमचे बँड येतात तिथले कॅरियर बंदच ठेवलेत. त्याला नॉच म्हणतात. तिथं पॉवर साधारण ३० डीबीनं खाली, म्हणजे हजाराव्या हिश्शावर. युरोपनं २०१३ मध्ये ईएन ५०५६१-१ नावाचं स्टँडर्ड काढून हे पक्कं केलं, हॅम आणि विमानांच्या फ्रिक्वेन्सीवर नॉच कायमचे, आणि रेडिओ स्टेशनसाठी असे की ॲडाप्टरनं स्वतः ऐकून तिथं स्टेशन आहे असं दिसलं तर तेवढा तुकडा सोडायचा.

मग काकांना त्रास का? काकांना विचारा नक्की कुठं त्रास होतोय. आपल्याकडं हॅमचा ४० मीटरचा बँड ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, नॉच असेल तर तिथं आवाज कमी यायला पाहिजे. पण काका नुसते गप्पा मारत नसतील, शॉर्टवेव्ह स्टेशनंही ऐकत असतील, ३१ मीटरला म्हणजे साडेनऊ मेगाहर्ट्झच्या आसपास किंवा २५ मीटरला, तर तिथं गोंगाटाची भिंत उभी असणार. त्यांच्याकडं एसडीआर, म्हणजे कॉम्प्युटरवर सगळा बँड चित्रासारखा दाखवणारा रेडिओ, असेल तर स्क्रीनवर बघायला सांगा, सगळीकडं पिवळा-तांबडा चिखल आणि हॅमच्या बँडवर तेवढ्यापुरती काळी खिडकी, असं दिसलं की ते पॉवरलाईन ॲडाप्टरच, घरातलं दुसरं मशीन सहसा असे नेमके बँड सोडून गोंगाट करत नाही. खिडकीच दिसत नसेल तर ॲडाप्टर नावापुरताच स्टँडर्डचा आहे, असला माल स्वस्तात भरपूर मिळतो.

अजून एक बारकी गोष्ट जी फार कमी लोक सांगतात. नॉच ॲडाप्टरच्या पिनवर मोजला तर छान खोल असतो, पण सिग्नल एकदा घरातल्या वायरीत शिरला की त्याच वायरीवर एलईडी बल्ब, चार्जर, टीव्ही असतात, त्या सगळ्यांच्या तोंडाशी डायोड, आणि डायोड म्हणजे मिक्सर. शेजारचे कॅरियर एकमेकात मिसळून त्या खिडकीत परत थोडे शिरतात. म्हणून ‘नॉच आहे ना मग झालं’ म्हणणाराही पूर्ण खरा नाही आणि ‘नॉच बिच सगळं खोटं’ म्हणणाराही नाही.

कानानंही ओळखता येतं. डेटा जात असताना सलग खरबरीत घरघर, व्हिडिओ चालू केला की वाढते, थांबवला की तुटक होते. आणि कोणीच नेट वापरत नसलं तरी ॲडाप्टर गप्प बसत नाही, आपण जिवंत आहोत हे सांगायला विजेच्या दर दोन सायकलला एक बीकन सोडतो, ५० हर्ट्झवर म्हणजे सेकंदाला २५. ते टकटकटकटक असं ऐकू येतं. त्यामुळं ‘आम्ही तर झोपलो होतो, नेट बंद होतं’ हे काकांना सांगून उपयोग नाही. टेस्ट करायची तर दोन्ही ॲडाप्टर सॉकेटमधून उपटून बाजूला ठेवायचे, नुसता लॅपटॉप बंद करून टेस्ट होत नाही.

नऊ वाजताची गोष्ट. जी वायर अँटेना होऊन सिग्नल बाहेर सोडते ती बाहेरचा सिग्नल आतही घेते. काका रात्री जेवण करून १०० वॅटवर बसले, त्यांचा डायपोल, म्हणजे तारेची अँटेना, तुमच्या गच्चीपासून पंधरा-वीस मीटरवर, की तुमच्या वायरिंगमध्ये त्यांचा आवाज ॲडाप्टरच्या सिग्नलपेक्षा कितीतरी मोठा होऊन येतो, नॉच असला तरी ॲडाप्टरचं रिसीव्हिंग सर्किट दबून जातं आणि नेट तुटतं. काकांनी माईक सोडला की परत जोडतं. खात्री करायची तर एकदा काकांकडं चहाला जा आणि वर पोराला फोन लावून ठेवा, काकांनी बटण दाबलं की पोरगा ओरडतोय का बघा. यात काकांचा दोष नाही, त्यांचं लायसन्स आहे, तो बँड त्यांना सरकारनं दिलाय. तुमचा ॲडाप्टर त्या जागेचा मालक नाही. जगभर नियमाचं सूत्र हेच आहे, लायसन्स नसलेल्या उपकरणानं लायसन्सवाल्याला त्रास द्यायचा नाही आणि त्याच्याकडून होणारा सोसायचा.

आता आजोबा. धारवाड केंद्र मीडियम वेव्हवर ७६५ किलोहर्ट्झला, सांगली १२५१ ला. ॲडाप्टरचं काम चालू होतं २ मेगाहर्ट्झला, म्हणजे २००० किलोहर्ट्झला. दोन्ही स्टेशनं त्याच्या बऱ्याच खाली. त्यामुळं इंटरनेटच्या सिग्नलनं धारवाड जाईल हे मला पटत नाही. हां, ॲडाप्टरच्या पोटात जो छोटा पॉवर सप्लाय असतो तो भिकार असेल तर तो मीडियम वेव्हवर घाण करू शकतो, पण मग तसला सप्लाय तुमच्या मोबाईल चार्जरात आहे, सेटटॉप बॉक्समध्ये आहे, आणि सगळ्यात जास्त एलईडी बल्बांमध्ये आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या घरातला प्रत्येक बल्ब म्हणजे एक छोटं स्विचिंग सर्किट झालंय, पन्नास-साठ किलोहर्ट्झवर चालणारं, आणि त्याचे हार्मोनिक्स, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट असे वरचे आवाज, पूर्ण मीडियम वेव्हवर पसरलेले. चांगल्या बल्बात त्यासाठी फिल्टर असतो, आठवडी बाजारातल्या बल्बात त्या फिल्टरचे पैसे वाचवलेले असतात. ॲडाप्टर आणले त्याच सुमाराला घरात दिवाळीचे नवे बल्ब किंवा गच्चीवर सोलर आला होता का, हे आठवून बघा, माणूस आधी नव्या अनोळखी वस्तूवर संशय घेतो आणि बल्ब सुटून जातो.

शोधायचं कसं. सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर घ्या, ७६५ च्या शेजारी रिकाम्या जागेवर ठेवा आणि घराचा मेन बंद करा. लक्षात ठेवून इन्व्हर्टरही बंद करा, नाहीतर मेन बंद केल्यावर निम्मं घर इन्व्हर्टरवर चालू राहतं, इन्व्हर्टर स्वतः बोंबलत असतो आणि तुम्ही म्हणता आवाज बाहेरून येतोय. सगळं बंद करून खरखर गेली तर चोर घरात. मग एमसीबी एकेक करून वर करा, ज्या एमसीबीला आवाज आला त्यावरची एकेक वस्तू काढा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि याला मीटर-बिटर काही लागत नाही.

मेन बंद करूनही खरखर राहिली तर चोर बाहेर, आणि आपल्या भागात बाहेरचे चोर बरेच. ट्रान्झिस्टरच्या आत फेराईटचा दांडा आडवा असतो, त्या दांड्याचं टोक आवाजाच्या दिशेनं आलं की आवाज पडतो, रेडिओ गोल फिरवून सगळ्यात कमी आवाज कुठं येतोय ते बघा, त्या रेषेत चोर. दोन ठिकाणाहून बघितलं की रेषा जिथं कापतात तिथं जायचं. शहापूर-वडगावात कापडाच्या मागावर कुठं मोटरला ड्राईव्ह, म्हणजे वेग बदलणारं सर्किट, बसवलेला असला तर त्याची किणकिण, ती माग बंद झाले की थांबते. उद्यमबागेकडं इंडक्शन फर्नेस. खानापूर, जांबोटीकडं राहत असाल तर सेकंदाला एक असा टक्, टक् आवाज येतो, ते रानडुकरांसाठी तारेवर लावलेलं झटका मशीन, तारेला गवत-वेल टेकली की तिथं ठिणगी पडते आणि तो टक् लांबवर जातो. गवत कापलं की झालं.

आणि सगळ्यात जुना चोर खांबावर. ११ केव्ही लाईनवर पिन ढिली झालेली, बाइंडिंग सुटलेलं, इन्सुलेटरला चीर गेलेली, मधल्या बारीक फटीत ठिणगी उडत राहते. तिची ओळख म्हणजे १०० हर्ट्झची जाड गुर्र, मीडियम वेव्हपासून थेट व्हीएचएफपर्यंत सगळीकडं, उन्हाळ्यात कोरड्या हवेत जोरात आणि पाऊस लागला की बऱ्याचदा गायब, कारण ओलाव्यानं फट भरून निघते. बल्ब आणि ॲडाप्टरला पावसाचं सोयरसुतक नसतं. तुमच्या आजोबांची खरखर मृगाच्या पावसाबरोबर कमी होत असेल तर बल्ब बदलत बसू नका, लाईनमनला बोलवा. खांबाचा नंबर आणि कुठल्या वेळेला आवाज येतोय ते लिहून १९१२ ला तक्रार करा आणि शब्द वापरा ‘स्पार्किंग’, रेडिओची खरखर म्हणालात तर कोणी येणार नाही, स्पार्किंग म्हणालात तर त्यांच्या दृष्टीनंही ती लाईनची खराबी आहे, उद्या तिथं तार तुटू शकते. खांबाला स्वतः हात लावू नका, ताण दिलेली तार हलवून बघू नका, हे मुद्दाम सांगतोय कारण उत्साही पोरं तसलं करतात.

आता खांबावरून इंटरनेट. ही कल्पना नवी नाही, जुनी आणि बरीचशी मेलेली आहे. इंग्लंडात मँचेस्टरला नॉरवेब आणि नॉर्टेल या दोघांनी नव्वदीच्या दशकात करून बघितलं, तिथं रस्त्यावरच्या दिव्यांचे खांबच अँटेनासारखे वागू लागले अशी ओरड झाली आणि १९९९ मध्ये प्रकरण गुंडाळलं. अमेरिकेत एफसीसीनं, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकानं, ऑक्टोबर २००४ मध्ये नियम करून परवानगी दिली. मर्यादा काय, तर ३० मेगाहर्ट्झच्या खाली ३० मीटरवर ३० मायक्रोव्होल्ट पर मीटर. ऐकायला एवढंसं वाटतं, पण शॉर्टवेव्हवर हॅम जे सिग्नल ऐकतात ते त्याहून कितीतरी बारीक असतात, त्यामुळं नियम पाळूनही बँड बुडू शकतो, वादाचं मूळ हेच. तिथली हॅम लोकांची संघटना एआरआरएल कोर्टात गेली आणि २००८ च्या एप्रिलमध्ये कोर्टानं एफसीसीला सुनावलं की ज्या अभ्यासाच्या जोरावर नियम केला त्यातला काही भाग झाकून ठेवला, तो दाखवा. व्हर्जिनियातल्या मनासस गावानं २००५ मध्ये गावभर ही सेवा चालू केली होती, फार गाजावाजा झाला, २०१० मध्ये नगरपालिकेनं स्वतःच बंद केली.

बंद का पडलं? हॅम लोकांना वाटतं आपण बंद पाडलं. माझं मत, पैशानं पाडलं. ट्रान्सफॉर्मर हा एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीला भिंतीसारखा, त्याला बाजूनं कपलर लावून वाट काढावी लागते. तारेवर थोड्या थोड्या अंतरावर सिग्नल परत वाढवणारे रिपीटर लागतात. अमेरिकेत एका ट्रान्सफॉर्मरवर पाच-सहा घरं, त्यामुळं हिशोब बसेना. आपल्याकडं एका ट्रान्सफॉर्मरवर शंभरभर घरं सहज असतात, म्हणून कागदावर भारताला हे जास्त जमण्यासारखं होतं, हे मी मान्य करतो. पण आपली एलटी लाईन, ट्रान्सफॉर्मरपासून घरापर्यंतची, बघितलीय ना? जोड, पीळ दिलेले टॅपिंग, शेतातल्या आयपी सेटचे, म्हणजे पाण्याच्या पंपांचे, स्टार्टर, निपाणीपासून बैलहोंगलपर्यंत सगळीकडं हेच. त्या गोंगाटातून जायला सिग्नल जोरात ओरडणार, आणि जोरात ओरडला की बाहेर जास्त सांडणार. त्यापेक्षा त्याच खांबावरून फायबर ओढली की काम झालं, काचेच्या तारेतून रेडिओ सांडत नाही. गल्लीतला केबलवाला तेच करतोय. म्हणून वीज कंपनी कर्नाटकात हेस्कॉम असो की सीमेपलीकडं चंदगडला महावितरण, यापुढं कोणी ११ केव्हीवरून घराघरात ब्रॉडबँड देईल असं मला दिसत नाही.

स्मार्ट मीटरचं म्हणाल तर बहुतेक मीटर मोबाईल नेटवर्कवरून नाहीतर ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या छोट्या रेडिओवरून बोलतात. काही प्रकार खरंच लाईटच्या तारेवरून बोलतात, पण ते ५०० किलोहर्ट्झच्या खाली, चिमूटभर डेटा. त्याला ब्रॉडबँड म्हणता येत नाही आणि शॉर्टवेव्ह तर त्याच्या वाटेतच नाही.

तुमच्या घरात काय करायचं. माझं मत विचारलंत तर ॲडाप्टर काढा, आणि ते काकांसाठी म्हणून नको, तुमच्यासाठीच. डब्यावर १२०० एमबीपीएस लिहिलेलं असतं ती बेरीज असते कागदावरची, हातात त्याच्या कितीतरी कमी पडतं. घरात थ्री फेज असेल आणि खालचं सॉकेट आर फेजवर, वरचं वाय वर, तर सिग्नल दोन फेजमधून कसाबसा झिरपत जातो. मधे इन्व्हर्टर आला, स्पाईक बोर्ड आला की अजून मार. जुन्या घरात अर्थिंग धड नसतं, नवे ॲडाप्टर अर्थच्या तारेचाही वापर करतात, तोही फायदा गेला. त्यापेक्षा कॅट सिक्स केबल ओढा. लाईटच्या पाईपातून ओढू नका, तो नियमही नाही आणि धोकाही आहे, टीव्हीच्या केबलचा जुना पाईप गच्चीपर्यंत गेलेला असतो बघा, त्यातून जाते. नाहीच जमलं तर बाहेरच्या भिंतीवरून पट्टीत. वर वायफाय द्यायला एक ॲक्सेस पॉइंट. वायरमनची मजुरी धरूनही चांगल्या ॲडाप्टरच्या जोडीपेक्षा फार जास्त खर्च येत नाही.

भाड्याचं घर आहे, भिंतीला भोक पाडू देत नाहीत, ॲडाप्टर ठेवायचेच आहेत, तर दोन्ही एकाच फेजवर थेट भिंतीच्या सॉकेटात लावा, रात्री वापर नसेल तेव्हा स्विच बंद करा, आणि काकांबरोबर बसून एकदा सेटिंग बघा, काही कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर कमी करायची किंवा जास्तीचे नॉच टाकायची सोय असते. काकांनीही थोडं करायला पाहिजे. त्यांची कोॲक्स, म्हणजे अँटेनाची केबल, जर घराच्या भिंतीला चिकटून, मीटरबोर्डाच्या शेजारून आत येत असेल तर तुमची घाण तिच्या बाहेरच्या जाळीवरून त्यांच्या रेडिओत चालत येते. मिक्स ३१ नावाच्या मटेरियलच्या फेराईट रिंगवर त्या कोॲक्सचे आठ-दहा वेढे घातले की बराच फरक पडतो, वेढे वाढवले की अडवण्याची ताकद वेढ्यांच्या वर्गानं वाढते, म्हणून एक वेढा घालून ‘काही फरक नाही’ म्हणू नये. अँटेना गच्चीच्या त्या टोकाला सरकवता आली तर उत्तमच.

एवढं करूनही पटलं नाही तर काका केंद्राच्या दूरसंचार खात्याकडं, म्हणजे तिथल्या वायरलेसचं काम बघणाऱ्या डब्ल्यूपीसी विभागाकडं, तक्रार करू शकतात, त्यांच्या मॉनिटरिंग विभागाचं कामच इंटरफिअरन्स शोधायचं आहे. पण एका भिंतीच्या शेजाऱ्यांनी तिथपर्यंत जाण्यासारखं हे प्रकरण मला तरी वाटत नाही. रविवारी सकाळी दोघांनी मिळून मेन बंद करून ट्रान्झिस्टरची टेस्ट करा, आजोबांना रेडिओ धरायला बसवा, त्यांच्या कानाला धारवाडची सवय आहे, आवाज कुठल्या एमसीबीला आला ते तुमच्या आधी त्यांना कळेल.